नाशकात नाटकातल्या प्रसंगांच्या चित्रांचं दालन हवं - कोणते प्रसंग, कशी चित्रं?

तिसरी_रांग:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकतो, लांबलंय.

मागच्या महिन्यात एका हौशी ग्रुपच्या तालमीला बसलो होतो, मुलीचं काम होतं त्यात. कोपऱ्यात एक मुलगा, चित्रकलेच्या कॉलेजातला असणार, मांडीवर वही घेऊन कोळशाने भराभर काहीतरी काढत होता. तालीम संपल्यावर चहाला थांबलो तेव्हा त्याने वही दाखवली. एका पानावर नुसता म्हाताऱ्याचा पाठमोरा खांदा आणि दाराच्या कडीवर ठेवलेला हात, बस्स. चेहरा नाही, घर नाही. पण तो म्हातारा घर सोडताना दाराशी क्षणभर अडखळतो ना, ते सगळं त्या हातात उतरलं होतं, दोन बोटं कडीवर आणि बाकीची सैल सुटलेली. माझ्या मोबाईलमध्ये त्याच प्रवेशाचे चाळीसेक फोटो होते, सगळे परत चाळले, एकातही ते सापडलं नाही.

घरी येऊन शोधत बसलो की फक्त नाटकातल्या प्रसंगांची चित्रं लावलेलं दालन कुठे होतं का. तर होतं. लंडनला पॉल मॉल नावाच्या रस्त्यावर जॉन बॉयडेल नावाच्या माणसाने ४ मे १७८९ ला उघडलं. स्वतः तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणारा कारागीर, पुढे छापचित्रांचा मोठा व्यापारी झाला, लंडनचा लॉर्ड मेयरसुद्धा झाला. त्याने त्या काळातले नावाजलेले चित्रकार गोळा केले, रेनल्ड्स, रॉम्नी, बेंजामिन वेस्ट, फ्युसेली, अँजेलिका कौफमन, आणि सगळ्यांना विषय एकच, शेक्सपिअरच्या नाटकातले प्रसंग. सुरुवात ३४ चित्रांनी झाली आणि पुढे आकडा दीडशेच्या वर गेला. विचार करा, एका इमारतीत शिरायचं आणि एका खोलीत मॅक्बेथच्या चेटकिणी, दुसरीकडे लिअर, तिसरीकडे हॅम्लेटच्या बापाचं भूत!

शेवट मात्र वाईट झाला, त्यावर नंतर बोलू.

माझा मुद्दा असा की हे नाशकात का नसावं? शिरवाडकर इथले, कानेटकर इथले. शिरवाडकरांनी मॅक्बेथवरून 'राजमुकुट' लिहिलं १९५४ च्या सुमारास, ऑथेल्लो मराठीत आणलं, आणि 'नटसम्राट'चं लिअरशी नातं तर सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे पॉल मॉलच्या भिंतीवर जे प्रसंग होते त्यातले कितीतरी पुढे गोदेकाठी मराठीत लिहिले गेले. मोठी इमारत नको, एक खोली पुरे. तुम्हाला काय वाटतं, आणि पहिलं चित्र कोणत्या प्रसंगाचं हवं?

पंचवटीकर:

कल्पना चांगली आहे पण मला मनापासून एक शंका आहे. नाटक म्हणजे नट. डॉ. लागूंनी केलेला 'नटसम्राट'मधला बेलवलकर ज्यांनी बघितलाय त्यांच्या डोळ्यासमोर लागूच येणार, दुसऱ्या कुणाचा चेहरा रंगवलात तर लोक म्हणणार हा कोण, आणि लागूंचाच रंगवलात तर ते व्यक्तिचित्र झालं, प्रसंग कुठे राहिला? त्यापेक्षा जुन्या प्रयोगांचे फोटो, जाहिराती, हस्तलिखितं, तिकिटं जमवा. घरोघरी पडून खराब होताहेत ती. ते आधी वाचवलं पाहिजे.

गोदाकाठची:

पंचवटीकर काका, दोन्ही होऊ शकतं की. पण मला चित्रांची खोली हवीय, अगदी हवीय. मी चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आम्हाला निसर्गचित्रं करायला गोदाघाटावर नेतात, व्यक्तिचित्रं असतात, पण 'प्रसंग' रंगवणं आता कुणी शिकवत नाही फारसं.

चारकोल:

पंचवटीकरांची शंका अगदी रास्त आहे आणि चित्रकारांमध्येही यावर दोन तट पूर्वीपासून आहेत.

एक तट नट रंगवणाऱ्यांचा. हॉगार्थने १७४५ च्या सुमारास गॅरिक नावाच्या नटाला शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेत रंगवलं, लढाईच्या आदल्या रात्री स्वप्नातून दचकून उठलेला, पंजा पसरलेला हात थेट आपल्याकडे. ते आज लिव्हरपूलला आहे आणि चांगलं आठ फुटांच्या वर रुंद आहे. त्यात रिचर्डही आहे आणि गॅरिकही. तिकडे जपानात काबुकीच्या नटांची लाकडी ठशांची चित्रं निघायची, शाराकू नावाच्या चित्रकाराने १७९४-९५ मध्ये जेमतेम दहा महिने काम केलं आणि गायब झाला, पण त्याने काढलेले नटांचे तोंड वाकडं करून रोखलेले डोळे अजून जगभर बघतात लोक.

दुसरा तट म्हणतो रंगमंच विसरा, संहिता वाचा. आणि इथे मला फार आवडणारी एक गोष्ट सांगतो. बॉयडेलच्या दालनासाठी जेम्स बॅरी नावाच्या चित्रकाराने लिअर रंगवला, मेलेल्या मुलीला, कॉर्डेलियाला, छातीशी धरून आक्रोश करणारा, पांढरे केस वाऱ्यावर उडताहेत. आता गंमत बघा (गंमत म्हणवत नाही खरं तर), त्या काळात लंडनच्या कुठल्याच रंगमंचावर हा प्रसंग होत नव्हता! १६८१ मध्ये नेहम टेट नावाच्या माणसाने लिअरचा शेवट गोड करून टाकला होता, कॉर्डेलिया जगते, तिचं लग्न होतं, राजाला राज्य परत मिळतं. प्रेक्षकांना तेच आवडायचं आणि जवळजवळ दीडशे वर्षं तेच चाललं. म्हणजे १७८९ मध्ये शेक्सपिअरने लिहिलेला शेवट डोळ्यांनी बघायचा तर नाट्यगृहात सोय नव्हती, चित्राच्या दालनात जावं लागत होतं. रंगमंचाने जे सोडून दिलं ते चित्राने सांभाळलं.

म्हणून मी म्हणतो फोटो आणि चित्र यांची स्पर्धाच नाही. फोटो जे झालं ते धरतो. चित्राला जे रंगमंचावर कधी झालंच नाही तेही दाखवता येतं. ओफेलिया पाण्यात बुडते ते हॅम्लेटमध्ये कुणी बघतच नाही, राणी येऊन नुसतं सांगते, पण मिलेजने १८५१-५२ मध्ये ते रंगवलं आणि आता हॅम्लेट म्हटलं की लोकांना आधी तीच आठवते. सार्जंटने एलन टेरी या नटीला लेडी मॅक्बेथ म्हणून रंगवलं १८८९ मध्ये, दोन्ही हातांनी मुकुट डोक्यावर धरलेली, भुंगेऱ्यांचे हिरवे पंख शिवलेला झगा. तो क्षण नाटकात नाहीच. पण ती बाई पूर्ण कळते त्यात.

शेवटचा_तास:

मी निवृत्त शिक्षिका, संस्कृत शिकवायचे. चारकोल यांनी लंडनचं इतकं छान सांगितलं, पण अरे बाळांनो, नाटकातली चित्रांची दालनं आपल्याकडे नाटकाच्या आतच आहेत आणि त्यातलं एक तर चक्क पंचवटीचं आहे!

भवभूतीचं उत्तररामचरित घ्या. पहिल्या अंकाला नावच चित्रदर्शन. वनवास संपलाय, राज्याभिषेक झालाय, सीता गरोदर आहे, आणि लक्ष्मण दोघांना घेऊन येतो भिंतीवर रंगवलेली चित्रं बघायला. कसली चित्रं, तर त्यांच्याच आयुष्याची. मिथिलेतलं लग्न, गंगा, चित्रकूटच्या वाटेवरचा वड, आणि मग पंचवटीतली शूर्पणखा. ती दिसताक्षणी सीता घाबरते, आता पुन्हा वियोग होणार असं वाटून तिचा जीव कासावीस होतो. आणि राम तिला म्हणतो, अगं वियोगाला भ्यालेले, हे चित्र आहे. पुढे वियोग खरंच होतो, त्याच अंकात. म्हणजे चित्र बघून जी भीती वाटली ती खरी निघाली. वर्गात हे शिकवताना दर वर्षी माझा आवाज जड व्हायचा, मुलं गप्प व्हायची. पुढच्या अंकाचं नाव पंचवटीप्रवेश. आपण रोज ज्या भागातून भाजी आणायला जातो ती ही पंचवटी.

आणि शाकुंतलाचा सहावा अंक. दुष्यंताला अंगठी मिळाल्यावर सगळं आठवतं आणि तो स्वतः शकुंतलेचं चित्र काढतो, दोन सख्यांसकट. चित्र अजून अपुरं आहे आणि काय काय काढायचं राहिलंय ते तो सांगतो: मालिनी नदी, तिच्या वाळूत हंसांची जोडी, हिमालयाच्या पायथ्याला बसलेली हरणं, वल्कलं वाळत घातलेलं एक झाड आणि त्याखाली काळविटाच्या शिंगावर आपला डावा डोळा खाजवणारी हरिणी. किती विश्वास लागतो शिंगाच्या टोकाशी डोळा न्यायला! शकुंतलेवरच्या अविश्वासाने ज्याचं सगळं गेलं तो राजा नेमकं हेच रंगवायचं म्हणतोय. मग चित्रातल्या भुंग्यावर तो रागावतो, त्याला शिक्षेची धमकी देतो, तेव्हा विदूषकाला सांगावं लागतं, अहो हे चित्र आहे.

दोन वेगळे कवी, मध्ये काही शतकं, आणि दोघांनी तेच वाक्य लिहिलं. भासाच्या दूतवाक्यात तर दुर्योधन भर सभेत द्रौपदीच्या केस ओढण्याचं चित्र उलगडून बघत बसतो, कृष्ण येतोय म्हणून. तिथे चित्र म्हणजे अपमान करण्याचं हत्यार आहे.

आपल्या शहरातलं मोठं नाट्यगृह कालिदासाच्या नावाने आहे. त्या हरिणीपासून सुरुवात करा अशी माझी विनंती आहे.

गोदाकाठची:

मॅडम, अंगावर काटा आला. हरिणी मी करणार, नक्की.

रविवार_कारंजा:

+१. शाकुंतल म्हटल्यावर राजा रविवर्मा आलाच. शकुंतलेचं पत्रलेखन १८७६ चं, आणि पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळून बघणारी तर सगळ्यांच्या घरात कॅलेंडरवर होती. आणि हे नाशिकशी जोडलेलं आहे बरं का. आपले दादासाहेब फाळके, त्र्यंबकेश्वरचा जन्म, ते सिनेमाच्या आधी लोणावळ्याकडे रविवर्म्याच्या छापखान्यात काम करत होते. रंगीत ठशांचं काम करता करता पौराणिक प्रसंग कसा बसवायचा हे डोळ्यात बसलं असणार त्यांच्या, पुढे 'राजा हरिश्चंद्र' नंतर कंपनी नाशकातच आणली. म्हणजे नाटक ते चित्र ते सिनेमा हा रस्ता या गावातून गेलाय.

विंगेतला:

मी नेपथ्य करतो, आजोबा पडदे रंगवायचे. निफाड सिन्नर भागात जत्रेत नाटकं व्हायची त्यांचे पडदे. त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं कारण वर सगळे कॅनव्हासबद्दल बोलताहेत आणि पडद्याचा विषय कुणी काढलाच नाही.

पडद्यांचा एक संच असायचा. रस्ता, जंगल, महाल, दरबार, कधी देऊळ. मांजरपाट शिवून जोडायचं, अंगणात ताणून खाली अंथरायचं, सरस उकळून त्यात पावडरचे रंग कालवायचे, त्या सरसाचा वास घरभर दोन दोन दिवस. आजोबा अनवाणी पडद्यावर उभं राहून लांब काठीला बांधलेल्या ब्रशने रेघा मारायचे आणि मध्येच माडीवर जाऊन खिडकीतून बघायचे, कारण जवळून ते नुसते डाग दिसतात. माझी ड्युटी म्हणजे खाली उभं राहून ते सांगतील त्या जागी खडूची खूण करायची. दरबाराच्या खांबांना ते सावली उलटी द्यायचे, वरच्या बाजूला गडद, कारण बत्त्या स्टेजच्या पुढच्या कडेला खाली ठेवलेल्या असत आणि उजेड खालून यायचा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, प्रयोगाला प्रेक्षकांत बसून बसून कळलं होतं.

हे काम लहान नव्हतं हो. कोल्हापूरचे बाबूराव आणि आनंदराव हे मेस्त्री बंधू, त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसाठी बाबूरावांनी केलेल्या पडद्यांची वाखाणणी व्हायची, आणि त्या कामावरूनच त्यांचं आडनाव पेंटर पडलं. पुढे सिनेमातले बाबूराव पेंटर झाले ते हेच.

आजोबांचा शेवटचा दरबाराचा पडदा एका मंडळाकडे होता. मी आठ-नऊ वर्षांपूर्वी विचारायला गेलो तर त्याचे तुकडे करून पावसाळ्यात मांडवावर टाकले होते. सरसाचा रंग तो, एका पावसात धुऊन गेला. एक तुकडा मिळाला, दोन हात बाय दीड हात असेल, खांबाचा खालचा भाग आणि गालिच्याची किनार. घडीची रेघ बरोबर खांबावरून गेलीय. तो तुकडा मी या दालनाला द्यायला तयार आहे. नाटकातल्या प्रसंगाची चित्रं म्हणता तर ज्या चित्रासमोर तो प्रसंग घडला तेही तिथे असलं पाहिजे.

तिसरी_रांग:

विंगेतला दादा, काय बोलू. तो तुकडा पहिला लागेल, दाराच्या समोर.

पंचवटीकर:

वाचतोय सगळं. शेवटचा_तास बाईंचं पंचवटीचं वाचून मी थोडा हललोय हे कबूल करतो, जन्म गेला इथे पण उत्तररामचरितातली ही गोष्ट माहीत नव्हती. नटांचा मुद्दा मात्र सोडत नाही. पुण्याला बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची दोन पूर्णाकृती तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेशात आणि एक स्त्रीवेशात. शेजारी शेजारी बघा म्हणजे अभिनय म्हणजे काय ते न बोलता कळतं, तोच माणूस आणि उभं राहण्याची तऱ्हाच निराळी. तेव्हा नटांना वगळू नका, एवढंच.

चारकोल:

कबूल, शंभर टक्के. एक भिंत नटांची.

आता जरा रुक्ष पण गरजेचं. बॉयडेलचं दालन बुडालं का, तर चित्रं बघायला लोक येत नव्हते म्हणून नाही. चित्रांवरून छापलेल्या प्रती विकून पैसा यायचा होता आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक युरोपात. १७९३ ला फ्रान्सशी युद्ध जुंपलं आणि तो बाजार बंद पडला. त्यात छपाई वर्षानुवर्षं रेंगाळली, आगाऊ पैसे भरलेले लोक कंटाळले, कोरीवकाम घाईचं झाल्याची ओरड झाली. शेवटी संसदेकडून परवानगी घेऊन लॉटरी काढली, तीन गिनीला एक अशी २२ हजार तिकिटं. सोडत निघायच्या आधीच, डिसेंबर १८०४ मध्ये म्हातारा गेला. जानेवारी १८०५ ला ज्याला बक्षीस लागलं त्याने त्याच वर्षी सगळी चित्रं लिलावात काढली. दालन तुकड्या तुकड्याने गावभर गेलं, कित्येक चित्रांचा आज पत्ता नाही.

म्हणून माझं म्हणणं, आपण प्रती विकून चालवू असं गणित पहिल्या दिवसापासून धरू नका. आणि चित्रं कुणा एकाच्या मालकीची नकोत, नाहीतर त्याच्या अडचणीत ती आधी जातील.

जागेबद्दल: खिडकीचं थेट ऊन नको. कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको, तैलरंगाला २०० पर्यंत चालतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात, तेव्हा चित्र भिंतीला चिकटवून टांगायचं नाही, मागे बोटभर फट ठेवायची, हवा खेळली पाहिजे. विंगेतला यांच्या तुकड्याला तर हात लावण्याआधी मला दाखवा, सरसाचा रंग ओल्या फडक्याने पुसलात तर संपलंच.

रविवार_कारंजा:

शिरवाडकर, कानेटकरांच्या नाटकांवर करायचं तर वारसांची किंवा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी घ्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. तात्या, म्हणजे शिरवाडकर, १९९९ ला गेले. भवभूती, कालिदासाला ती अडचण नाही, तिथून सुरू करणं सोपंही आहे.

शेवटचा_तास:

सोपं म्हणून नको, आपलं म्हणून करा.

गोदाकाठची:

मला 'नटसम्राट'बद्दल बोलायचंय, परवानगी मिळेल तेव्हा मिळेल. सगळे बेलवलकर रंगवतील, वादळातला, रस्त्यावरचा, हात पसरलेला. मला त्याची बायको, कावेरी रंगवायचीय. तो तिला सरकार म्हणतो, आणि त्या घरात सगळ्यात कमी बोलून सगळ्यात जास्त ती बघते. मुलाच्या घरातून निघायचं हे तिला त्याच्या आधी कळलेलं असतं. मी गेल्या आठवड्यात आईला बसवून स्केचेस केली, आईला सांगितलं की फक्त लुगड्याच्या घड्या करून गाठोडं बांध, कुठे चाललीस ते विचारू नकोस. तिसऱ्या वेळी बांधताना ती गाठ मारून थांबली आणि तळवा गाठोड्यावर तसाच ठेवून बसली, बाळाला थोपटतात तसा. तेच घेतलंय. चेहरा खाली आहे, नाकाची कड आणि कुंकू तेवढं दिसतं. मागे अंधार ठेवावा की दार दाखवावं ते ठरत नाहीये.

चारकोल:

दार दाखवू नकोस. उजेडाची एक पट्टी जमिनीवर आण, उघड्या दारातून आलेली. दार कुठे आहे ते बघणारा शोधेल.

विंगेतला:

आणि उजेड खालच्या अंगाने येऊ दे. स्टेजचा आहे हे कळेल.

पंचवटीकर:

पोरी, हे चित्र झालं की मला कळव. माझ्याकडे जुन्या प्रयोगांचे काही फोटो आणि जाहिरातींची कात्रणं आहेत, ती घेऊन येतो. त्या चित्राच्या जवळपास लावता आली तर बघा, नाहीतर वेगळ्या फळीवर चालतील.

तिसरी_रांग:

अपडेट. तालमीच्या ग्रुपशी बोललो, ते रविवारी सकाळी दहा ते एक चित्रकारांना बसू द्यायला तयार आहेत, एका वेळी चौघं. फ्लॅश नाही, बोलणं नाही, प्रॉम्प्टरच्या बाजूला बसायचं नाही, कारण तिथून एंट्री आहे. तो कोळसावाला मुलगाही येतोय, त्याची वही त्याने द्यायचं कबूल केलंय, कडीवरच्या हातासकट. नंतर साडेपाचला गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारकाच्या आवारात भेटू. शेवटचा_तास मॅडम, तुम्हाला घ्यायला मी गाडी घेऊन येतो, उत्तररामचरिताचा पहिला अंक सोबत आणा, सगळ्यांना वाचून दाखवाल का? विंगेतला दादा, तुकडा गुंडाळून आणा, घडी नको घालू.

विंगेतला:

पाइपवर गुंडाळूनच ठेवलाय. आणतो.